वाचकांच्या शंका : सेंद्रिय सौर घटांतले वाहक थर

मागील अंकात या सदरात सेंद्रिय सौर घटांविषयी एक छोटी टीप दिली होती. कार्बनी रेणूंचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर प्रकाश शोषतो आणि त्याच्या दोन्ही अंगांचे आणखी पातळ असे दोन थर त्यात निर्माण झालेला विद्युतभार बाहेर नेतात, एवढेच तीत सांगितले होते. त्यावर बरीच पत्रे आली, आणि नवलाची गोष्ट अशी की बहुतेकांनी मधल्या थराविषयी न विचारता त्या दोन थरांविषयीच विचारले. त्यांतले काही प्रश्न येथे घेत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : प्रकाश शोषून वीज निर्माण करण्याचे काम मधला थर करतो, तर तारा थेट त्यालाच का जोडत नाहीत? मध्ये आणखी दोन थर घातल्याने विजेच्या वाटेतला रोध उलट वाढणार नाही का?
(एक निवृत्त वीज अभियंता, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : रोध वाढतो, ही आपली शंका रास्त आहे. तरीही ते थर का लागतात हे कळण्यासाठी सिलिकॉनशी असलेला फरक पाहावा लागेल. सिलिकॉनमध्ये प्रकाशकण शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जाण्याने मागे राहिलेले विवर जवळजवळ लगेच मोकळे होतात, कारण सिलिकॉनचा परावैद्युत स्थिरांक (भारांमधले आकर्षण पदार्थ किती पटींनी कमी करतो तो आकडा) १२ च्या जवळ असल्यामुळे त्या दोघांतले आकर्षण फारच क्षीण होते. कार्बनी पदार्थांत हा स्थिरांक ३ ते ४ असतो, आणि इलेक्ट्रॉन व विवर एकमेकांना धरून राहतात. या जोडीला एक्झिटॉन म्हणतात. ती साधारण १० नॅनोमीटर सरकते. तेवढ्यात तिला फोडणारी सीमा भेटली नाही, तर ती विरून जाते आणि शोषलेली ऊर्जा वाया जाते. १९८६ मध्ये कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग यांनी इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा अशा दोन पदार्थांचे थर एकमेकांवर चढवून सुमारे १ टक्का कार्यक्षमतेचा घट दाखवला. १९९५ मध्ये ॲलन हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही प्रकारचे पदार्थ एकत्र मिसळले, म्हणजे ती सीमा सगळ्या थरभर पसरली. आज प्रयोगशाळेत १९-२० टक्क्यांपर्यंत पोहोचलेले घट याच मिश्रणाच्या कल्पनेवर उभे आहेत.

मिश्रणाने एक अडचण सुटली, पण दुसरी उभी राहिली. देणारा आणि घेणारा हे दोन्ही पदार्थ आता वरच्या इलेक्ट्रोडलाही टेकतात आणि खालच्यालाही. अशा वेळी इलेक्ट्रॉनाने नेमके कोणत्या बाजूला जावे? सिलिकॉनमध्ये ही दिशा दोन बाजूंना मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धींमुळे ठरते. येथे ती वाहक थर ठरवतात. एका बाजूचा थर इलेक्ट्रॉनाला वाट देतो आणि विवराला अडवतो, दुसऱ्या बाजूचा नेमका उलट वागतो. हे थर नसतील तर दोन्ही प्रकारचे भार दोन्ही इलेक्ट्रोडवर पोहोचतात आणि तिथेच एकमेकांत मिसळून नाहीसे होतात. शिवाय दोन्ही बाजूंच्या कार्यफलांत (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेत) पुरेसा फरक असेल तरच घटात पुरेसे व्होल्टेज उभे राहते, आणि हा फरकही हेच थर साधून देतात. तेव्हा थोडा रोध पत्करून दिशा आणि व्होल्टेज मिळवायचे, असा हा व्यवहार आहे. तो किफायतशीर ठरतो की अंगाशी येतो, हे थराच्या अंतर्रचनेवर अवलंबून असते. ते पुढच्या उत्तरात सविस्तर येईल.

प्रश्न : आमच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात दोन गटांनी एकाच बाटलीतले पीडॉट:पीएसएस वापरून विवर वाहक थर घातले. काच तीच, मधला थर तोच. तरी एका गटाच्या घटांचा फिल फॅक्टर दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी येतो. रासायनिक द्रव्य एकच असताना असे का व्हावे?
(रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : द्रव्य एकच असले तरी थर एकच नाही, हे आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर. (फिल फॅक्टर म्हणजे घटाचे सर्वाधिक व्होल्टेज आणि सर्वाधिक प्रवाह यांच्या गुणाकाराचा जो हिस्सा प्रत्यक्ष शक्ती म्हणून हाती येतो तो.) या क्षेत्रात नव्याने येणारा जो तो पदार्थाच्या नावाकडे पाहतो आणि पुरवठादाराच्या पत्रकातले आकडे वहीत उतरवून घेतो. ते आकडे एका ठरावीक रीतीने घातलेल्या थराचे असतात, हे मात्र नजरेआड होते.

पीडॉट हे वीज वाहणारे बहुवारिक (पॉलिमर) पाण्यात विरघळत नाही. त्याला पाण्यात तरंगत ठेवण्यासाठी पीएसएस हे आम्लधर्मी, जवळजवळ विद्युतरोधक असे दुसरे बहुवारिक सोबत घ्यावे लागते. विवर वाहक थरासाठी जो प्रकार सर्रास वापरतात त्यात वजनाने पीडॉटच्या एका भागाला पीएसएसचे सहा भाग असतात. बाटलीतल्या निळसर द्रवात या दोघांचे सूक्ष्म कण असतात, आणि त्यांची घडण संक्रांतीच्या हलव्यासारखी असते: तीळ आत, साखरेचे कवच बाहेर. पीडॉटची दाटी कणाच्या गाभ्यात आणि पीएसएस त्याच्याभोवती. हलव्याच्या वाटीत एका दाण्यातला तीळ दुसऱ्या दाण्यातल्या तिळाला कधी टेकत नाही. तसेच सुकलेल्या थरातही एका गाभ्यातून दुसऱ्या गाभ्यात जाताना विवराला मधले रोधक कवच ओलांडावे लागते.

आता काच फिरवून थर पसरवला आणि तापवून पाणी उडवले की हे कण दबून चपटे होतात. त्यांची रुंदी वीसएक नॅनोमीटर राहते, उंची मात्र पाच-सहा नॅनोमीटरच उरते. थराच्या पातळीत आडवे जाणाऱ्या विवराला गाभे लांबलचक आणि कवचे मोजकी भेटतात. थरातून वर किंवा खाली जाणाऱ्याला मात्र दर पाच-सहा नॅनोमीटरला कवचाची एक भिंत आडवी येते. परिणामी आडव्या दिशेची वाहकता आणि उभ्या दिशेची वाहकता यांत शेकडो पटींचा फरक पडू शकतो. पत्रकात छापलेला आकडा बहुधा आडव्या दिशेचा असतो आणि सौर घटातला प्रवाह उभा जातो.

याचा हिशेब करून पाहा. थराची जाडी ४० नॅनोमीटर, म्हणजे ०.०००००४ सेंटीमीटर धरू. वाहकता दर सेंटीमीटरला ०.००१ सीमेन्स असेल, तर एका चौरस सेंटीमीटरच्या घटात या थराचा रोध ०.००४ ओहम येतो. घटातून २५ मिलिॲम्पिअर प्रवाह जात असताना त्यावर ०.१ मिलिव्होल्ट खर्च होतो. तो लक्षात घेण्याचेही कारण नाही. पण समजा, उभ्या दिशेची वाहकता त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकीच भरली. मग रोध ४ ओहम होतो आणि तेवढ्याच प्रवाहाला ०.१ व्होल्ट द्यावा लागतो. जो घट मुळात ०.८ ते ०.९ व्होल्टच देतो, त्याच्या दृष्टीने हा भुर्दंड मोठा आहे आणि तो सर्वांत आधी फिल फॅक्टरमध्येच दिसतो. एखाद्या गटाचा थर फिरवण्याचा वेग कमी ठेवल्यामुळे ८० नॅनोमीटर जाडीचा झाला असेल, तर भुर्दंडही दुप्पट.

याच्या जोडीला पृष्ठभागाचा प्रश्न आहे. सुकताना पीएसएस वरच्या पृष्ठभागाकडे जमा होते; त्यामुळे मधल्या थराला प्रत्यक्षात जो पृष्ठभाग भेटतो तो मुख्यतः पीएसएसचा असतो आणि थराचे कार्यफलही त्यावरूनच ठरते. पीएसएस हवेतला ओलावा ओढून घेते. तापवून काढलेली काच एका गटाने लगेच कोरड्या पेटीत ठेवली आणि दुसऱ्याने ऑगस्टच्या दमट हवेत टेबलावर ठेवून चहा घेतला, एवढ्यानेही फरक पडू शकतो. तेव्हा द्रव गाळला होता का, फिरवण्याचा वेग किती होता, तापमान १२० अंश होते की १५०, काच किती मिनिटे उघडी राहिली, या चार गोष्टी दोन्ही गटांच्या वह्यांत शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. माझा अंदाज असा, की उत्तर त्या वह्यांतच सापडेल.

काही विद्यार्थी वाहकता वाढवण्यासाठी द्रवात डायमिथिल सल्फॉक्साइड किंवा इथिलीन ग्लायकॉल घालतात. त्याने पीएसएस बाजूला सरते, गुंडाळलेल्या पीडॉटच्या साखळ्या सरळ होतात, गाभे एकमेकांना भिडतात आणि पीएसएसचे प्रमाण कमी असलेल्या प्रकारात वाहकता दर सेंटीमीटरला हजार सीमेन्सच्या आसपास नेता येते. असा थर इलेक्ट्रोड म्हणून उत्तम. पण एकाच काचेवर शेजारी शेजारी छोटे घट असतील तर तो आडवा इतकी वीज वाहतो की शेजारच्या घटाचा प्रवाहही आपल्या मोजणीत येऊन पडतो. कार्यक्षमतेचे काही अवास्तव आकडे असेच तयार होतात. वाहक थराला फार जास्त वाहकता नकोच असते.

प्रश्न : मग थर जितका पातळ तितका चांगला, असे म्हणता येईल का?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : जोवर तो अखंड आहे तोवर म्हणता येईल. याचे टोक पाहायचे असेल तर स्वयंजुळणीचे एकरेणवीय थर पाहावेत. कार्बाझोलचे शीर, दोन कार्बनांची दोरी आणि फॉस्फोनिक आम्लाचा नांगर अशी या रेणूंची घडण असते. नांगर इंडियम टिन ऑक्साइडच्या (काचेवरच्या पारदर्शक इलेक्ट्रोडच्या) पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतो, शिरे वर राहतात, आणि एक-दोन नॅनोमीटरचा हा थर केवळ आपल्या द्विध्रुवाच्या (रेणूच्या दोन टोकांवरच्या विरुद्ध भारांच्या) बळावर पृष्ठभागाचे कार्यफल बदलून टाकतो. लिथुआनियातल्या काउनास आणि जर्मनीतल्या बर्लिन येथील संशोधकांनी हे रेणू पेरोव्हस्काइट या दुसऱ्या प्रकारच्या स्फटिकी सौर घटांसाठी पुढे आणले; सेंद्रिय घटांतही पीडॉट:पीएसएसच्या जागी ते आता वापरले जातात. ते प्रकाश जवळजवळ शोषत नाहीत आणि पीडॉट:पीएसएसच्या आम्लामुळे इंडियम टिन ऑक्साइडची जी झीज होते तीही टळते. मात्र त्यांच्यात रचनेचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. रेणू दाटीने आणि एका दिशेने उभे राहिले तर ठीक. त्यांचे पुंजके झाले आणि मध्ये उघडी जागा राहिली, तर तिथे मधला थर थेट इलेक्ट्रोडला टेकतो आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली अडचण त्या जागी परत येते.

प्रश्न : झिंक ऑक्साइड तर उन्हापासून संरक्षण करणाऱ्या मलमांत असते. सेंद्रिय घटात तेच इलेक्ट्रॉन वाहक म्हणून वापरतात आणि तेच पुढे घट खराब करते, असे वाचनात आले. एकच पदार्थ रक्षणही करतो आणि नासही करतो, हे कसे?
(भौतिकशास्त्राच्या एक अध्यापिका, देवास)

उत्तर : झिंक ऑक्साइड अतिनील किरण शोषते, हा गुण दोन्हीकडे एकच आहे. शोषल्यानंतर त्या ऊर्जेचे काय होते, हे त्याच्या पृष्ठभागावर ठरते, आणि म्हणून या पदार्थाच्या बाबतीत रचना म्हणजे मुख्यतः पृष्ठभागाची रचना.

उलट बांधणीच्या घटांत, म्हणजे जिथे खालच्या काचेकडून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात तिथे, झिंक ॲसिटेटच्या द्रावणातून हा थर घालण्याची रीत आहे. काचेवर पसरवून २०० अंशांच्या आसपास तापवले की त्यातून झिंक ऑक्साइडचे षट्कोनी बांधणीचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. तापमान फार कमी राहिले तर ॲसिटेटचे अवशेष मागे उरतात. तापमान चढवण्याच्या गतीनेही फरक पडतो: झटकन तापवलेला थर सपाट होतो, हळूहळू तापवलेल्या थरावर सुरकुत्या पडतात. सुरकुत्यांमुळे मधल्या थराशी संपर्काचे क्षेत्र वाढते, पण त्या फार उंच झाल्या तर १०० नॅनोमीटरच्या मधल्या थरात घुसून गळतीची वाट तयार करतात. सपाट चांगला की सुरकुतलेला, याला एकच उत्तर नाही. वरच्या थराच्या जाडीवर ते ठरते.

स्फटिकांच्या कडांवर आणि पृष्ठभागावर काही ठिकाणी ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या असतात. अशा जागी हवेतला ऑक्सिजन चिकटून बसतो आणि झिंक ऑक्साइडमधला इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. नवा घट पहिल्यांदा मोजला की प्रवाह आणि व्होल्टेज यांच्या आलेखात मध्येच एक वाक येतो, तो एस या इंग्रजी अक्षरासारखा दिसतो, त्याचे हे एक ओळखीचे कारण आहे. काही मिनिटे अतिनील किरणांसह प्रकाश दिला की चिकटलेला ऑक्सिजन सुटतो, वाक नाहीसा होतो आणि घट सुधारल्यासारखा वाटतो. अतिनील किरण गाळणारी काच समोर धरली तर तोच घट बराच वेळ बिघडलेलाच राहतो. घर, कार्यालय यांतल्या दिव्यांखाली घट वापरायचा असेल तर ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, कारण तिथे अतिनील किरण जवळजवळ नसतातच.

उन्हात मात्र हेच अतिनील किरण घातक ठरतात. झिंक ऑक्साइडचे ऊर्जा-अंतर (प्रकाशाने इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे आहे, म्हणजे ३७५ नॅनोमीटरपेक्षा लहान तरंगलांबीचा प्रकाश ते शोषते. त्यातून पृष्ठभागावर जे अतिक्रियाशील गट तयार होतात ते शेजारच्या सेंद्रिय रेणूंवर तुटून पडतात. फुलरीन (कार्बनचा चेंडूसारखा रेणू) नसलेल्या नव्या इलेक्ट्रॉन-ग्राहक रेणूंची येथे विशेष पंचाईत होते. २०१९ मध्ये पुढे आलेला वायसिक्स हा रेणू घटांची कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या पलीकडे घेऊन गेला. पण त्याच्या मधल्या आणि टोकांच्या भागांना जोडणारा कार्बन-कार्बन दुहेरी बंध हीच या हल्ल्याची नेमकी जागा आहे. बंध तुटला की रेणूचा रंग जातो आणि थर प्रकाश शोषेनासा होतो. मलमात झिंक ऑक्साइडचे कण सिलिका किंवा तत्सम द्रव्याच्या आवरणात देण्याची पद्धत आहे, ती याच कारणासाठी.

घटातही तोच मार्ग धरतात: झिंक ऑक्साइडवर पॉलिइथिलीनइमाइनसारख्या बहुवारिकाचा किंवा फुलरीनधारी रेणूंचा अगदी पातळ थर चढवून रिकाम्या जागा बुजवतात. दुसरा मार्ग टिन ऑक्साइडचा. त्याचे ऊर्जा-अंतर ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, म्हणजे ते ३४५ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश शोषते, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात तो भाग फारच थोडा असतो. मला विचाराल तर घराबाहेरच्या वापरासाठी टिन ऑक्साइडचे पारडे जड वाटते.

प्रश्न : सुदामा नगरातल्या घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे आहेत. सेंद्रिय घट बाजारात येईपर्यंत थांबावे का?
(एक गृहस्थ, इंदूर)

उत्तर : थांबू नये. गच्चीवर जागा आणि वजन यांची अडचण नाही, आणि सिलिकॉनचे पॅनेल आज २० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेने पंचवीस वर्षांच्या हमीवर मिळतात. इंदूर महानगरपालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले ते खरगोन जिल्ह्यातल्या जलूदच्या ६० मेगावॉट प्रकल्पासाठी, आणि अशा कामाला सिलिकॉनच योग्य. सेंद्रिय घटांची जागा वेगळी आहे: वाकवता येणारे, हलके, अर्धपारदर्शक पत्रे, जे खिडकीच्या काचेवर किंवा जड पॅनेल न पेलणाऱ्या छपरावर चिकटवता येतात. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा छपरावरचा पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापतो. सेंद्रिय पदार्थांत भार उड्या मारत पुढे जातो आणि उष्णतेने त्या उड्या सोप्या होतात, त्यामुळे तापल्यावर क्षणिक नुकसान सिलिकॉनपेक्षा कमी असते. मात्र त्याच उष्णतेत वाहक थरांतले रेणू मधल्या थरात झिरपू लागतात आणि हे नुकसान संध्याकाळी थंडाव्याने भरून येत नाही.

प्रश्न : वीस-तीस नॅनोमीटरच्या थराच्या आतली रचना पाहतात तरी कशी? इंदुरात अशी सोय आहे का?
(अकरावीतील एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : आहे, आणि ती आपल्या शहराच्या अगदी कडेला, सुखनिवासजवळ आहे. आपण इंदूरकर आजही ज्याला ‘कॅट’ म्हणतो, त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रे आहेत. इंडस-२ मध्ये २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर परिघाच्या वळशात फिरत राहतात आणि वळताना तीव्र क्ष-किरण सोडतात. हे किरण वेगवेगळ्या वाहिन्यांतून प्रयोगांच्या जागी नेले जातात. देशभरातल्या विद्यापीठांचे संशोधक प्रस्ताव पाठवून त्यांवर वेळ मागून घेतात.

पातळ थरासाठी युक्ती कोनाची असते. किरण सरळ वरून सोडला तर तो थरातून क्षणात आरपार जाऊन काचेत शिरतो आणि जी माहिती मिळते ती काचेचीच. म्हणून तो थराला जवळजवळ समांतर, एक-दोन दशांश अंशांच्या कोनात सोडतात. मग तो थराच्या आतून लांबवर घसरत जातो आणि विखुरलेल्या किरणांचे चित्र पडद्यावर उमटते. बहुवारिकाच्या चपट्या साखळ्या एकमेकींवर ०.३८ नॅनोमीटरच्या आसपास अंतराने रचलेल्या असतील तर त्या अंतराची खूण चित्रात ठरावीक जागी दिसते. साखळ्या काचेवर पालथ्या निजल्या असतील तर ही खूण वरच्या दिशेला येते, आणि काठावर उभ्या असतील तर आडव्या दिशेला. सौर घटाला पहिली मांडणी हवी, कारण भाराला वर-खाली जायचे असते. पातळ थराच्या ट्रान्झिस्टरला दुसरी चालते. रचनेला दिशाच नसेल तर खुणेऐवजी सगळीकडे सारखे पूर्ण वलय उमटते.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती अकरावीत असतानाच ठाऊक असलेली बरी. क्ष-किरणांच्या या चित्रात थराच्या सगळ्या जाडीची सरासरी येते, आणि वाहक थराच्या बाबतीत निर्णायक ठरणारा सर्वांत वरचा एक-दोन नॅनोमीटरचा भाग त्या सरासरीत हरवून जातो. त्यासाठी पृष्ठभागावर अतिनील किंवा सौम्य क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात. ते इलेक्ट्रॉन फार खोलीवरून येऊच शकत नाहीत, म्हणून जी माहिती मिळते ती पृष्ठभागाचीच असते, आणि कार्यफलही त्यातूनच कळते. ४५० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इंडस-१ वर अशा मोजणीची सोय आहे.